‘२९६०ख’ : खानावळीच्या हिशेबातून बीजगणिताचा सराव

परळच्या एका रात्रशाळेतलं हे प्रकरण. विद्यार्थिनी चाळिशीच्या आसपासच्या, नववीत शाळा सुटलेली, आता दहावीची तयारी करणाऱ्या. दिवसा घरगुती खानावळ आणि पोळी-भाजीचं काउंटर चालवतात. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणतात, तेव्हा इथेही काकूच म्हणू. मी तिथे गणित घेतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि आकडे सुटसुटीत केलेत. चुका मात्र वहीत होत्या तशाच ठेवल्यात, कारण सगळं प्रकरण त्या चुकांचंच आहे.

गिरणगावाला खानावळीचा हिशेब नवा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाळ्यात राहायचा आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि जेवणारे बदलले. काकूंकडे आज डबा लावणाऱ्यांत ऑफिसांतली मुलं आहेत, इस्पितळात रात्रपाळी करणारे आहेत. पद्धत मात्र तीच राहिली. महिन्याचे पैसे ठरलेले, आणि जेवायला न आलेल्या दिवसांचे खाडे वजा. काकू महिन्याला तीन हजार घेतात आणि खाड्याला चाळीस कापतात. दिवसाचे पूर्ण शंभर का कापत नाही, असं एका पोराने विचारलं, तर म्हणाल्या, “भात तुझ्या नावाचा शिजलेला असतो ना!”

तोंडी हिशेबात त्यांना हात लावायची सोय नाही. नऊ खाडे म्हटलं की सव्वीसशे चाळीस हे उत्तर माझं वाक्य संपायच्या आत येतं. पण पहिल्या चाचणीच्या कागदावर बीजगणिताची जागा जवळजवळ कोरी होती आणि जिथे काही लिहिलं होतं तिथे ते चुकलेलं होतं.

ही तफावत काकूंपुरती नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या मुलांवर झालेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यात विचारलेल्या हिशेबांत ही मुलं सुमारे ९८ टक्के बरोबर होती. तेच हिशेब नुसत्या आकड्यांची उदाहरणं म्हणून कागदावर दिले तेव्हा सुमारे ३७ टक्के. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या शाळकरी मुलांना कामधंद्यातून येणाऱ्या गणिताचा बारकाईने अभ्यास केला आहे. ‘हिचं गणित कच्चं आहे’ हा शेरा मारून मोकळं होण्याआधी नेमकं काय कच्चं आहे ते बघावं लागतं, एवढं तरी यातून कळतं.

काकूंच्या वहीत तीन गोष्टी दिसत होत्या.

पहिली, बरोबरचं चिन्ह. नऊ खाड्यांचा हिशेब लिहून दाखवा म्हटल्यावर त्यांनी लिहिलं:

४० × ९ = ३६० − ३००० = २६४०

उत्तर बरोबर, ओळ चूक. चाळीस नव्वे तीनशे साठ इथपर्यंत ठीक. पण या ओळीप्रमाणे तीनशे साठ आणि सव्वीसशे चाळीस एकच ठरतात. शिवाय वजाबाकी उलटी मांडलेली. त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे कॅल्क्युलेटरचं बटण होतं: दाबलं की पुढे उत्तर येतं. खात्री करायला ८ + ४ = □ + ५ दिलं. चौकटीत १२ आलं.

दुसरी गोष्ट, अक्षर. खाड्यांच्या संख्येला ख म्हणू, असं ठरवलं होतं. ‘५ख म्हणजे काय?’ या प्रश्नाला उत्तर आलं, ‘पाच खाडे’. हे इतकं सरळ वाटतं की शिकवणारा मान हलवून पुढे जातो. पण ख हीच खाड्यांची संख्या असेल तर ५ख म्हणजे त्या संख्येची पाचपट. ख जर ३ असेल तर १५. वस्तूच्या नावाचं पहिलं अक्षर चल म्हणून घेण्याचा हा तोटा आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये बीजगणित लिहिलं तेव्हा पहिल्या अव्यक्ताला, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येला, यावत्तावत् म्हटलं आणि पुढच्यांना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली. निळा रंग काही खाडा नव्हे, त्यामुळे गल्लत व्हायला जागाच राहत नाही. मी काकूंना तोच हिशेब एकदा ख घेऊन, एकदा क्ष घेऊन आणि एकदा ‘नी’ घेऊन लिहायला लावला. ‘नी’ लिहिताना त्या हसल्या, पण पाचपटीचा घोळ त्यानंतर परत दिसला नाही.

तिसरी गोष्ट शीर्षकात आहे. ख खाडे असतील तर महिन्याचं बिल किती? त्यांनी लिहिलं:

३००० − ४०ख = २९६०ख

ही चूक जगभरच्या वर्गांत दिसते. कारणही समजण्यासारखं आहे. आयुष्यभर प्रत्येक हिशेबाच्या शेवटी एक आकडा आलेला. ३००० − ४०ख हे पाहून कुणालाही वाटतं की काम अर्धवट राहिलंय, वजाबाकी अजून करायची आहे. सजातीय-विजातीय पदांचा नियम, म्हणजे सारखं अक्षर असलेली पदंच एकमेकांत मिळवता किंवा वजा करता येतात, हा त्यांना तोंडपाठ होता. पाठ असूनही हात २९६०ख लिहून गेला. म्हणून नियम परत सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं, ‘कुणी एकही खाडा केला नाही तर?’

त्यांनी ख च्या जागी शून्य ठेवलं. २९६० गुणिले शून्य.

“अरे, म्हणजे महिनाभर रोज जेवला तो फुकट जेवला?”

मग स्वतःच पुढे एक ठेवून पाहिलं: एका खाड्याला २९६० बरोबर येतात. दोनला ५९२०. “दोन दिवस आला नाही तर दुप्पट बिल! असं लावलं तर दुसऱ्या दिवशी डबा बंद.” सगळा वर्ग हसला. चुकीच्या राशीत, म्हणजे आकडे आणि अक्षरं मिळून झालेल्या मांडणीत, एक किंमत टाकून बिल खरं वाटतं का ते बघायचं, ही सवय तिथे लागली. आम्ही तिला ताळा म्हणतो, शाळेत भागाकाराचा करतात तसाच. सरावाच्या प्रत्येक ओळीला ताळा हवाच, आणि तो निदान दोन किंमतींचा, हा नियम मी तेव्हापासून ठेवला. एकाच किमतीवर २९६०ख सुद्धा पास होतं.

असमानता आधी

इथून पुढे पुस्तकाचा क्रम राशी, मग समीकरण असा असतो, आणि असमानता, म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी असं सांगणारी मांडणी, जमली तर. २०१८ पासून चालू असलेल्या दहावीच्या बीजगणितात सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. असमानतेला स्वतंत्र घर नाही. पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० चा, अंतर्गत २०, आणि पास व्हायला शंभरात ३५. तेव्हा जे विचारत नाहीत त्यावर वेळ का घालवायचा, असं एखाद्याने म्हटलं तर हिशेबाने तो बरोबर आहे. मी तरीही काकूंना असमानता आधी दिली. कारण धंदा करणाऱ्या माणसाला ‘नेमकं किती’ हा प्रश्न फार क्वचित पडतो. त्याचे प्रश्न ‘निदान किती’ आणि ‘फार तर किती’ असे असतात.

काउंटरवर पोळी दहा रुपयांना जाते. कणीक, तेल, गॅस धरून एका पोळीला चार रुपये पडतात, आणि जागेचं भाडं व मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी मिळून दिवसाचे नऊशे, पोळ्या विकल्या तरी आणि नाही विकल्या तरी. प पोळ्या विकल्या तर आवक १०प, खर्च ४प + ९००. काकूंनी तक्ता भरला. शंभर पोळ्यांना आवक १०००, खर्च १३००. दीडशेला दोन्हीकडे १५००. दोनशेला २००० आणि १७००. मधल्या रकान्यात चिन्ह भरायचं होतं. वरच्या ओळीत <, मधल्या ओळीत =, खालच्या ओळीत >.

“दीडशेच्या खाली गेलं की अंगावर पडतं, हे मला ठाऊकच होतं,” त्या म्हणाल्या.

ठाऊक होतं हे खरंच. पण ‘=’ ला त्यांच्या वहीत पहिल्यांदाच शेजारी मिळाले होते. < आणि > यांच्या मध्ये बसलेलं ‘=’ कॅल्क्युलेटरचं बटण वाटू शकत नाही; दोन बाजूंची तुलना चालली आहे हे त्या रकान्यातच दिसतं. समीकरण म्हणजे तक्त्यातली ती एकच ओळ, जिथे तोटा संपतो आणि नफा अजून सुरू झालेला नाही. दोन्ही बाजूंमधून ४प काढले की ६प = ९००, प = १५०. तक्ता न भरता त्या ओळीवर थेट जाण्याची ही रीत आहे एवढं सांगितलं आणि ते पटलं. त्यानंतर ८ + ४ = □ + ५ परत दिलं तेव्हा चौकटीत ७ आलं, वर ‘१२ = १२’ असा ताळाही.

वर्गातल्या एका कुरिअरवाल्या पोराने याच सुमारास टॅक्सीचा विषय काढला. परळला रिक्षा नाही, त्यामुळे काळी-पिवळीच. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. क्ष किलोमीटरचं भाडं ३१ + २०.६६(क्ष − १.५), थांबण्याचे पैसे सोडून. पोराने लगेच क्ष ला १ केलं आणि २०.६७ काढून दाखवलं. “सर, हे ड्रायव्हरला सांगून बघू का?” सूत्राच्या शेजारी क्ष ≥ १.५ लिहिल्याशिवाय सूत्र पुरं होत नाही, हे मी सांगायला गेलो असतो तर कुणी ऐकलं नसतं.

चिन्ह उलटतं ती जागा

खरी कसोटी पुढच्या उदाहरणाला लागली. डबा लावणारा एक मुलगा म्हणतो, या महिन्यात अडीच हजारांच्या वर देता येणार नाही. त्याने किती खाडे करावेत? तोंडी उत्तर नेहमीसारखं लगेच: “पाचशे तोडायचे. बारा खाड्यांचे चारशे ऐंशी, वीस उरतात. तेरा करावे लागतील. जास्त केले तरी चालेल.” मग तेच वहीत:

३००० − ४०ख ≤ २५००
−४०ख ≤ −५००
ख ≤ १२.५

खाली दोनदा रेघ मारून त्यांनी लिहिलं, ‘बारापर्यंत खाडे’.

मी काहीच बोललो नाही, ताळ्याकडे बोट दाखवलं. बारापर्यंत चालत असतील तर पाचही चालतील. पाच खाड्यांचं बिल २८००. “मग हा अठ्ठावीसशे कुठून आणणार?” त्यांनी वहीवर पेन ठेवलं. तोंडी तेरा किंवा जास्त, लेखी बारा किंवा कमी. दोन्ही त्यांचीच उत्तरं, आणि कोणतं खरं याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती कोणत्या ओळीत घसरलं याची. दुसरी ओळ तपासली: तेरा ठेवले तर −५२० ≤ −५००, खरं. पाच ठेवले तर −२०० ≤ −५००, खोटं. म्हणजे दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक. बिघाड −४० ने भागताना झाला.

का होतो? ३ हा ८ पेक्षा लहान, पण −३ हा −८ पेक्षा मोठा. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम दिले तेव्हा शब्द धन आणि ऋण असेच वापरले होते, आणि काकूंच्या उधारीच्या वहीत त्याचा अर्थ आजही जिवंत आहे: तीनशेची उधारी असलेला आठशेच्या उधारीवाल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. दोन्ही बाजूंची चिन्हं बदलली की लहान-मोठेपणाचा क्रम उलटतो. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की < चा > करायचा, हा नियम त्यातून निघतो.

नियम दिला, पण मी त्यावर भिस्त ठेवली नाही. परीक्षेच्या घाईत तो विसरतोच. त्याऐवजी दुसरी वाट दाखवली. ४०ख ही रक्कम वजा आहे म्हणून त्रास होतो ना, मग ती दोन्हीकडे मिळवून पलीकडे धन करून घ्या:

३००० ≤ २५०० + ४०ख
५०० ≤ ४०ख
१२.५ ≤ ख

ऋण संख्येने भागायची वेळच आली नाही. काकूंना ही रीत फार आवडली, कारण त्यांच्या तोंडी हिशेबाच्या पायऱ्या याच आहेत: आधी पाचशेचा फरक, मग चाळीसने भाग. खाडे अर्धे नसतात आणि महिन्याचे दिवस तीस धरलेत, म्हणून उत्तर १३ ते ३० मधली कोणतीही पूर्ण संख्या.

याच जागी मला असमानता आधी घेण्याचं बळ मिळालं. ३००० − ४०ख = २५०० हे समीकरण सोडवलं तर ख = १२.५ येतं आणि काकू म्हणतात, ‘असा खाडा नसतो’. नेमकं अडीच हजारांचं बिल त्यांच्या खानावळीत कधी निघूच शकत नाही. समीकरणाची उकल गणिताने बिनचूक आणि व्यवहारात निकामी. असमानता मात्र कामाचं उत्तर देते. एक अडचण राहिली. ‘कमीत कमी तेरा’ लिहिताना हात ≤ कडे वळतो, कारण कानात ‘कमी’ हा शब्द असतो. तिथेही तेरापेक्षा मोठी एक संख्या घालून बघणं हाच उपाय.

खानावळीच्या बाहेर

संदर्भाचं बोट धरून किती चालायचं, हा प्रश्न कंसाने उभा केला. काकूंनी मध्यंतरी नियम बदलला: पहिले दोन खाडे धरायचे नाहीत. म्हणजे बिल ३००० − ४०(ख − २), ख निदान २ असेल तेव्हा. कंस सोडवताना त्यांनी ३००० − ४०ख − ८० लिहिलं. ख = २ ठेवून ताळा केला, बिल यायला हवं ३०००, आलं २८४०. चूक सापडली, दुरुस्तीही झाली: ३००० − ४०ख + ८०, म्हणजे ३०८० − ४०ख. आणि तिथे त्या अडल्या.

“पण सर, तीन हजार ऐंशी मी कुणाकडूनच घेत नाही.”

हरकत अगदी रास्त होती. ३०८० हा आकडा कुठल्याही गिऱ्हाइकाचा नाही. दोनपेक्षा कमी खाड्यांना हे सूत्र लागूच होत नाही, त्यामुळे ख = ० ठेवल्यावर येणारं ३०८० रुपयांचं बिल कधी फाडलं जात नाही. तरी राशी बरोबर आहे. पाच खाड्यांना दोन्ही रूपं २८८० च देतात. माझ्या मते बीजगणित खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं. मधल्या पायरीला व्यवहारात काही अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट सोडायचा, आणि दोन्ही टोकांना अर्थ लागतो की नाही ते बघायचं. ज्यांचा तोंडी हिशेब फार पक्का असतो त्यांना हे जास्त जड जातं, कारण तोंडी हिशेबात प्रत्येक पायरी म्हणजे कुणाचे तरी खरे रुपये असतात.

म्हणून यानंतरच्या सरावातून खानावळ हळूहळू काढली. होमी भाभा केंद्रातच अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाणाऱ्या मुलांवर जे काम झालं आहे, त्यात पदाच्या कल्पनेवर भर आहे: राशीतलं प्रत्येक पद त्याच्या आधीच्या चिन्हासकट वेगळं ओळखायचं. चिन्ह पदाच्या मालकीचं, मधल्या मोकळ्या जागेचं नव्हे. काकू प्रत्येक पदाभोवती पेन्सिलीने चौकट आखतात. ५क्ष − ३(क्ष − ४) = २६ मध्ये एक चौकट +५क्ष ची, दुसरी −३(क्ष − ४) ची. दुसरी फोडली की −३क्ष आणि +१२. उरलं २क्ष + १२ = २६, क्ष = ७. ताळा: ३५ − ९ = २६. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे पालुपद मी वर्गात म्हणू देत नाही. दोन्ही बाजूंना काय केलं ते ओळीशेजारी लिहायचं. वेळ जास्त जातो, पण कुठे घसरलं ते सापडतं.

रोजचा सरावाचा कागद लहान ठेवला आहे: किंमत ठेवायची दोन-तीन उदाहरणं, कंस सोडवायचं एखादं, एक समीकरण, एक असमानता. दिवसभर पोळ्या लाटून आलेल्या माणसाला तीस उदाहरणांचा गृहपाठ देण्यात काही हशील नाही. अपूर्णांकाचे सहगुणक अजून कच्चे आहेत; क्ष/३ + क्ष/४ = ७ दिसलं की छेद काढण्याऐवजी त्या अंदाजाने १२ शोधून मोकळ्या होतात. उत्तर बरोबर येतं, पण रीत न मांडल्याचे गुण जातात.

आता दोन चलं सुरू झाली आहेत. मागच्या आठवड्यात दिलेलं उदाहरण असं होतं: वीस डबे गेले, काही फुल नव्वदचे, काही हाफ साठचे, एकूण १५६० रुपये आले. काकू म्हणाल्या, “सगळे हाफ धरले तर बाराशे. वर तीनशे साठ आले, ते फुलवाल्यांचे तीस-तीस. बारा फुल, आठ हाफ.” वहीत क्ष + य = २० आणि ९०क्ष + ६०य = १५६० मांडून झालं आहे. पहिल्याला ६० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की ३०क्ष = ३६० उरतं. ‘सगळे हाफ धरले तर’ ही त्यांची पायरी आणि ६० ने गुणणं एकच आहे, हे त्यांनी अजून ताडलेलं नाही. मी सांगितलेलं नाही. पुढच्या कागदावर त्याच प्रकारची दोन उदाहरणं ठेवली आहेत, एकात डबे आहेत, दुसऱ्यात नुसते क्ष आणि य.